राणीच्या बागेच्या तिकिटावरचे ‘कुटुंब’ : एक धागा

१/
येत्या रविवारी आमच्या घरातील आठ माणसे मुलुंडहून राणीच्या बागेत जाणार आहेत : आजी, आई-बाबा, दादा-वहिनी, त्यांची दोन मुले आणि मी. दिवस ठरला, कोणती लोकल पकडायची तेही ठरले. मग तिकिटांचा हिशेब मांडताना दादाने सहज विचारले, ‘‘फॅमिली तिकीट चौघांचंच आहे. मग आपण आठ जण कोण?’’ इतिहासाच्या विद्यार्थ्यासमोर असा प्रश्न टाकू नये. हा धागा त्या प्रश्नातून निघाला आहे. लांब आहे, प्रवासात सवडीने वाचावा.

२/
आधी तिकीट. २०१७ च्या मध्यापर्यंत राणीच्या बागेत प्रौढांना ५ रुपये आणि मुलांना २ रुपये पडत. त्या वर्षी महापालिकेने दरवाढ केली. आरंभीचा प्रस्ताव प्रौढांना १०० रुपयांचा होता. त्यास विरोध झाला आणि तोडगा निघाला तो असा : प्रौढांना ५०, तीन ते पंधरा वर्षांच्या मुलांना २५, आणि आई, वडील व दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबाला एकत्रित १००.

हेच चौघे सुटे गेले, तर १५० रुपये होतात. म्हणजे पन्नास रुपयांची सवलत मिळते ती माणसांना नव्हे, कुटुंबाच्या एका विशिष्ट आकाराला. दादा-वहिनी आणि मुले ‘कुटुंब’ ठरतात. आजी, आई, बाबा आणि मी सुटे.

३/
प्राणी पाहायला कोणी यावे आणि कोणासह यावे, हा प्रश्न मुळीच नवा नाही. बागेपूर्वीच्या काळात त्याचे उत्तर सोपे होते : ज्याचे प्राणी, त्याने बोलवावे.

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. सवाई माधवरावांना पशुपक्ष्यांचे मोठे वेड. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा सुरू करविली. तेथे तयार झालेल्या गंगाराम तांबट या मराठी चित्रकाराने नोव्हेंबर १७९० मध्ये पेशव्यांच्या गेंड्याचे चित्र काढले. ते आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. जाड कातडीच्या घड्या, खाली झुकलेले डोके, सगळे समोर बसून पाहिलेले. माझ्या मते अठराव्या शतकातील मराठी चित्रकलेतील ही फार मोलाची वस्तू आहे आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला जागा नसावी याचे वाईट वाटते.

परंतु तो गेंडा पाहायला पुण्यातील कोणा कारागिराने बायकामुलांना घेऊन जावे, असा त्याचा हेतू नव्हता. शिकारखाना हा दरबाराच्या वैभवाचा भाग होता.

४/
लंडनकडे पाहिले, तरी आरंभ फारसा वेगळा नाही. तेथील प्राणिसंग्रहालय १८२८ साली उघडले ते प्राणिशास्त्रीय संस्थेच्या सभासदांसाठी व त्यांच्या परिचितांसाठी. १८४७ पासून सर्वसामान्यांना पैसे भरून प्रवेश मिळू लागला. रविवार मात्र त्यानंतरही दीर्घकाळ सभासदांसाठी राखीव होता. ज्या दिवशी कामगाराला सुट्टी, नेमका तोच दिवस त्याला बंद. आपल्याला रविवारचा बेत इतका स्वाभाविक वाटतो, म्हणून हा तपशील ध्यानात ठेवावा.

५/
आता मुंबई. येथे आधी बाग आली, प्राणी पुष्कळ नंतर.

अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही वर्गणीवर चालणारी संस्था. तिची पहिली बाग शिवडीला होती. पुढे शिवडीची जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली आणि संस्थेने माझगावच्या ‘माउंट इस्टेट’वर सुमारे ३३ एकरांत नवी बाग उभारली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्ते ती खुली झाली. नाव ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’. लोकांनी त्याची ‘राणीची बाग’ केली आणि विषय संपविला.

बागेच्या दाराशीच संग्रहालय उभे राहत होते. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट ही त्यामागची प्रमुख नावे.

६/
सालांकडे पाहा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध. तेथील कापूस अडला, म्हणून मँचेस्टरला भारताचा कापूस हवा झाला. मुंबईत पैशाचा पूर आला. बागा, संग्रहालये, समुद्र हटविण्याच्या योजना, बँका, सगळे एकाच वेळी सुचू लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला. संग्रहालयाचे काम रखडले आणि सरकारी पैशाने पुरे होऊन ते २ मे १८७२ रोजी उघडले. बाग चालविणारी सोसायटीही तग धरू शकली नाही. १८७३ मध्ये बागेचा सांभाळ नगरपालिकेकडे आला.

७/
या धाग्यात एकच साल लक्षात ठेवायचे असेल, तर १८७३ ठेवा.

१८७२ च्या कायद्याने मुंबईला ६४ सभासदांची नगरपालिका मिळाली होती. त्यांतील निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडून द्यायचे. या नव्या सभेची पहिली बैठक ४ सप्टेंबर १८७३ रोजी भरली. म्हणजे मुंबईकरांना, म्हणजे खरे तर मूठभर कर भरणाऱ्या पुरुषांना, शहराच्या कारभारात निवडणुकीने शिरकाव मिळाला, त्याच वर्षी एका दिवाळखोर संस्थेची बाग शहराच्या पदरात पडली.

यात कोणाचे औदार्य नव्हते. बागेला मालक उरला नाही, म्हणून ती सार्वजनिक झाली. पण एकदा सार्वजनिक झाल्यावर तिचा प्रश्न बदलला. कोणाला बोलवायचे, हा यजमानाचा प्रश्न मागे पडला. कोणाला अडवता येईल, हा नगरपालिकेचा प्रश्न पुढे आला.

८/
१८९० मध्ये बागेला सुमारे १५ एकरांची जोड मिळाली आणि तेथे प्राणिसंग्रह वसविण्यात आला. तोवर कलकत्त्याचे अलिपूर प्राणिसंग्रहालय (१८७६) सुरू झालेले होते, बडोद्याची सयाजीबाग (१८७९) होती. मुंबई उशिरा आली, परंतु आली ती गिरणगावाच्या उंबरठ्यावर. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ. भोवती चिमण्यांचा धूर आणि मध्ये ही हिरवी जागा.

९/
मग येथे कुटुंबे येऊ लागली का? इथे जरा थांबावे लागते, कारण त्या मुंबईत कुटुंबेच थोडी होती.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जनगणना पाहिल्या, तर शहरात हजार पुरुषांमागे स्त्रिया सहाशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी दिसतात. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून आलेला गिरणी कामगार एकटा येई. बायको-मुले गावी शेताला धरून. तो गाळ्यात आठ-दहा गाववाल्यांसह राही आणि खानावळीत जेवी. जेवण रांधणारी बाई हीच काय ती त्याच्या मुंबईतील घराची खूण.

अशा शहरात ‘सहकुटुंब प्राणिसंग्रहालय’ या कल्पनेला अर्थच वेगळा होता. सुगी उरकल्यावर गावाहून बायको येई, सोबत आई, एखादा दीर, भावकीतले पोर. त्यांना मुंबई दाखवायची म्हणजे चौपाटी, महालक्ष्मी आणि राणीची बाग. आजीचा पहिला फेरा असाच झाला, असे ती सांगते. लालबागच्या चाळीतून पायी निघालेली चौदा माणसे. त्यांत नवरा-बायकोची जोडी एकच, आणि ती दोघे दिवसभरात एकमेकांशी चार शब्द बोलली नाहीत. उरलेले नातलग आणि गाववाले. मुले हत्तीवर बसली, आजीला बसायचे होते, पण नव्या सुनेने हत्तीवर बसणे बरे दिसले नसते.

या चौदांना आजच्या खिडकीवर कोणते तिकीट द्याल?

१०/
आम्ही उपनगरवासी या कथेत कुठे बसतो?

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सारी साष्टी बेटावरची गावे. रेल्वे आली १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदर ते ठाणे. पश्चिमेकडे विरारहून बॅकबेपर्यंत १२ एप्रिल १८६७ पासून गाडी धावू लागली. रूळ जोडले गेले, नगरपालिका नाही. मुंबई शहर माहीम-शीवच्या खाडीपाशी संपे. पलीकडच्या प्रदेशाचा १९२० मध्ये ‘मुंबई उपनगर’ हा वेगळा जिल्हा झाला.

अंधेरी आणि घाटकोपर बृहन्मुंबईत आले १९५० साली. बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. तोवर मुलुंडचा माणूस राणीच्या बागेत जाई तो पाहुणा म्हणून. १९५७ नंतर तो तिच्या मालकांपैकी एक झाला. ही गोष्ट आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती. सांगितल्यावर बाबा म्हणाले, ‘‘मग मालकाला तिकीट कशाला?’’

११/
उपनगरांत गिरणगाव पुढे वेगळ्या मार्गानेही आला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो कधी अधिकृतपणे मिटलाच नाही. त्यानंतरच्या दोन दशकांत लालबाग-परळमधील कितीतरी कुटुंबांनी खोल्या विकून मुलुंड, भांडुप, बोरिवली, त्याहीपलीकडे डोंबिवली-विरार गाठले. पूर्वी जी बाग पायी अंतरावर होती, ती आता तासाभराची लोकल झाली. मुलुंडहून निदान सरळ मध्य रेल्वे आहे. बोरिवली-अंधेरीकरांना दादरला उतरून पूल ओलांडावा लागतो, लहान मुले आणि म्हातारी माणसे सांभाळत. बागेचा खरा खर्च तिकिटाच्या आधीच सुरू होतो.

१२/
(थोडे विषयांतर. बाग पाहायला जाल, तर या दोन वस्तू चुकवू नका.

एक, संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती. तो घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. १८६४ च्या सुमारास त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारीच तुटली आणि हत्ती फुटला. तुकडे या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये ते पुन्हा जोडण्यात आले. मुंबईच्या सर्वांत जुन्या हत्तीचे विलायतेला जाणे केवळ स्वतःच्या वजनामुळे टळले.

दोन, खुद्द राणी. फोर्टात १८७२ मध्ये बसविलेला व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा. दामोदर चापेकरांनी ज्याला डांबर फासले, तो हाच. स्वातंत्र्यानंतर शहराला नकोसा झालेला हा पुतळा नाक गमावून संग्रहालयाच्या आवारात येऊन राहिला. संग्रहालयाला १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले, बाग ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ झाली. लोक आजही ‘राणीची बाग’च म्हणतात. त्यांच्या मनात कोणती राणी असते, हे विचारण्यात अर्थ नाही. बहुधा कोणतीच नसते.)

१३/
परत तिकिटाकडे. दर वाढले का, याला खरीखुरी कारणे आहेत आणि ती टाळून पाच रुपयांच्या आठवणीत रमणे मला पटत नाही.

जुने पिंजरे हे एकोणिसाव्या शतकाच्या दृष्टीचे पिंजरे होते : गज, सिमेंटची फरशी आणि तीन पावलांची येरझार. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आले आणि प्राण्यांना किती जागा हवी, कशी हवी, याचे नियम झाले. जुन्या रचनेला त्यांत बसणे शक्य नव्हते. नूतनीकरणाचा मोठा आराखडा आला, तेव्हा निराळाच संघर्ष उभा राहिला. प्राण्यांसाठी नव्या जागा बांधायच्या, तर शतकापूर्वीच्या झाडांचे काय? गोरखचिंच, उर्वशी, कैलासपती, कृष्णवड. तीन हजारांहून अधिक झाडांची ही मुळातली वनस्पतीबाग. ‘सेव्ह राणी बाग बोटॅनिकल गार्डन फाउंडेशन’मधील नागरिकांनी, त्यांतही काही चिकाटीच्या स्त्रियांनी, वर्षानुवर्षे कागदपत्रे काढून, झाडे मोजून हा आराखडा रोखून धरला. आज आपण ज्या सावलीत बसतो, ती या लढ्यामुळे उरली आहे.

मग जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यांतील एक ऑक्टोबरमध्ये दगावला. मार्च २०१७ मध्ये कक्ष लोकांसाठी उघडला आणि काही महिन्यांत तिकिटाचे दर वाढले. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरील पक्षी भायखळ्याच्या मे महिन्यात काचेआड थंडीत ठेवायचा, तर पैसा लागणारच. पैसा लागतो, यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो सवलतीच्या चौकटीवर.

१४/
कारण ‘आई-बाप आणि दोन मुले’ ही चौकट कोठून आली, हेही इतिहासच सांगतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा समाजाने त्यांना वाळीत टाकल्यासारखे वागवले. १९५२ पासून हाच विषय सरकारी कार्यक्रम झाला. पुढे लाल त्रिकोण आला, भिंती रंगल्या आणि ‘हम दो, हमारे दो’ घोषणा घरोघर पोचली. दोन पिढ्यांत चौघांचे चित्र इतके रुजले की तिकीट ठरविताना कोणी वेगळे काही सुचविल्याचे दिसत नाही. कर्व्यांना हवे होते ते स्त्रीचे स्वतःच्या देहावरचे स्वातंत्र्य. त्याची सवलतीची पावती होईल, असे त्यांच्या मनातही आले नसेल.

उपनगरातील दोन खोल्यांच्या घरात आजही आजी असते, नोकरीसाठी आलेला भाचा असतो, विधवा आत्या असते, कुठे एकटी आई आणि तिची तीन मुले असतात. तिकिटाच्या हिशेबात हे सगळे ‘कुटुंब अधिक काही’ ठरतात. एक तिकीट एका गटाला, मग गट कसाही असो, अशी सोय करणे अवघड नसावे.

१५/
आणखी एक विसंगती. आम्ही बिबट्याला पिंजऱ्यात पाहायला दक्षिणेकडे जातो, आणि बिबट्या आमच्याच मागे राहतो.

विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. शहराला पाणी हवे म्हणून या तलावांभोवतीचे रान राखले गेले. त्या रानाचेच पुढे बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान झाले. आज ते सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या एका कडेला बोरिवली, दुसऱ्या कडेला मुलुंड. या जंगलातील आणि आरेतील वारली पाड्यांवर वाघोबाचा देव आहे. तेथे बिबट्या ही तिकीट काढून पाहायची वस्तू नाही, तो शेजारी आहे. मुलुंडच्या इमारतींच्या सीसीटीव्हीत तो मध्यरात्री दिसतो, आणि सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘याला पकडून प्राणिसंग्रहालयात का ठेवत नाहीत?’ असा प्रश्न येतो. माझ्या पुतण्याने बिबट्या प्रथम पाहिला तो अशाच एका चित्रफितीत. राणीच्या बागेत त्याला पेंग्विन पाहायचे आहेत. बिबट्या काय, घरचाच आहे, असे त्याचे म्हणणे.

१६/
आता आमचा बेत, कोणाला उपयोगी पडला तर.

बुधवारी बाग बंद असते. रविवारी गर्दी फार, पण दादाला सुट्टी तेव्हाच. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक शनिवारी तपासायचा, नाहीतर विद्याविहारला अडकायला होते. भायखळ्याला पूर्वेला उतरायचे. दगडी स्थानक जुने आहे, दोन मिनिटे थांबून पाहावे. आत गेल्यावर आधी पेंग्विन, कारण तेथे रांग वाढत जाते. उन्हे चढली की झाडांखाली बसायचे. उर्वशीचे झाड मी शोधून ठेवणार आहे. फुलले असले तर नशीब.

तिकिटांचे ठरले ते असे : चौघांचे एक फॅमिली तिकीट आणि उरलेल्यांची वेगळी. आजीने हिशेब ऐकला आणि विचारले, त्या चौघांत ती का नाही. वहिनीने तिला ‘तो नियम आहे’ असे सांगितले. आजी म्हणाली, मग खिडकीवर नातवंडांचे हात धरून मीच उभी राहते. मोजू देत त्यांना कोणाला मोजायचे ते.